२०१३ च्या संगणकावर आता कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात आपल्या घरी २०१३ साली सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज ७ वरून आपण विंडोज १० वर आलात आणि आता तिचीही मुदत संपल्याची सूचना पडद्यावर वारंवार येते. एका दुकानदाराने संगणक भंगारात द्यायला सांगितले, दुसऱ्याने विंडोज ११ ‘बसवून देतो’ असे म्हटले आणि आपले चिरंजीव लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, घाला म्हणतात. आपले रोजचे काम म्हणजे बँक, निवृत्तिवेतनाचे कागद, ई-मेल, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि मंडळाच्या त्रैमासिकाचा मराठी मजकूर. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या आपल्या धाकट्या बंधूंकडे याहून जुना, कोअर २ ड्युओ आणि २ जीबी रॅमचा संगणक आहे. त्याचे काय करावे, हेही आपण विचारले आहे.

इंदुरात संगणकदुरुस्तीचे काम करीत मला बावीस वर्षे झाली. आपला संगणक भंगारात देऊ नये, त्यात नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम घालावी, त्या एसएसडीवर लिनक्सची मिंट ही आवृत्ती घ्यावी, आणि सध्याची हार्ड डिस्क विंडोज १० सकट जशीच्या तशी काढून जपून ठेवावी, असा माझा सल्ला आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण ती नीट कळली तर ग्वाल्हेरच्या संगणकाचा निर्णय आपल्याला स्वतःलाच घेता येईल.

‘या संगणकावर काय चालेल?’ या प्रश्नाने सुरुवात केली की निवड चुकते, असे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. चालायला बरेच काही चालते. आधी ठरवायचे ते हे की त्या खुर्चीत रोज बसणाऱ्या माणसाची कोणती कामे अडता कामा नयेत, आणि त्यांतली कोणती खरोखरच एका विशिष्ट प्रणालीला बांधलेली आहेत. आपल्या यादीतले बँक, ई-मेल आणि व्हिडिओ कॉल ही तिन्ही कामे ब्राउझरमध्ये होतात, म्हणून खाली विंडोज असो वा लिनक्स, त्यांना फरक पडत नाही. निवृत्तिवेतनधारकाचे आयकर विवरणपत्रही पोर्टलवर ब्राउझरमध्येच भरता येते. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची काळजी आपण व्यक्त केली आहे, पण ‘जीवन प्रमाण’साठी आता अँड्रॉइड फोनवर चेहऱ्याची ओळख पटवून काम होते, त्यासाठी संगणकाला बोटांच्या ठशांचे यंत्र जोडून विंडोज जपत बसण्याची गरज उरलेली नाही. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम आपण वापरत नाही, ते बरे, कारण टॅली विंडोजलाच बांधलेले आहे आणि ते असते तर माझा सल्ला वेगळा असता. राहता राहिले मराठी मजकुराचे काम आणि छपाईयंत्र. खरी अडचण या दोन ठिकाणी आहे, त्यांकडे पुढे येतो.

आता विंडोजविषयी. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वाढीव वर्ष जाहीर केले आणि त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवली. त्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि सेटिंगांचा साठा त्या खात्यावर ठेवायला मान्यता दिली तर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. हा मार्ग खोटा नाही, पण त्याने निर्णय फक्त पुढे ढकलला जातो. ज्यांना चार-सहा महिन्यांत नवा संगणक घ्यायचाच आहे त्यांनी तो खुशाल वापरावा.

विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे आणि त्या काळच्या मदरबोर्डवर टीपीएम २.० नव्हते. दुकानदार जे ‘बसवून देतो’ म्हणाले ते अशक्य नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या आहेत आणि आपल्या संगणकावर ते सुरूही होईल. परंतु अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा कोणाला तरी हाताने घालावी लागते. ज्या संगणकावरून निवृत्तिवेतनाचे खाते उघडायचे, तो दर वर्षी दुसऱ्याच्या युक्तीवर अवलंबून ठेवणे मला पटत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे कोणीतरी काटछाट करून पेन ड्राइव्हवर फिरवलेल्या ‘हलक्या’ विंडोज आणि त्यांच्याबरोबर येणारे, परवाना चुकवणारे फुकटचे ॲक्टिव्हेटर. त्यांत काय काढले आहे आणि काय घातले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाने त्यांना हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. आपला संगणक संथ वाटतो त्याचे मोठे कारण प्रोसेसर नसून फिरती हार्ड डिस्क आहे. टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’चा रकाना पाहा, संगणक सुरू झाल्यावर बराच वेळ तो शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसेल आणि त्याच वेळी प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असेल. हार्ड डिस्कमधली सुई तबकडीवर जागा शोधत फिरते, आणि सुरू होताना लागणाऱ्या हजारो लहान फायलींसाठी तिला प्रत्येक वेळी नव्या जागी जावे लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या डेस्कटॉपला २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी लावली की होणारा फरक दुसऱ्या कोणत्याही खर्चाने होत नाही. रॅमचे कारण तितकेच सरळ आहे. ४ जीबीतली प्रणालीची जागा वजा करून जे उरते ते ब्राउझरच्या चार-पाच टॅबमध्ये संपते, आणि मग संगणक रॅमचे काम डिस्ककडून करून घेऊ लागतो. आपल्या मदरबोर्डवर डीडीआर३ रॅम चालते. जुनी पट्टी काढून तिच्यावरचे लेबल दुकानात दाखवा आणि तशीच ४ जीबीची दुसरी घ्या. आपल्या मदरबोर्डवर दोनच खाचा असण्याची शक्यता मोठी आहे; त्यांतली एक मोकळी आहे ना, एवढे निघण्यापूर्वी पाहून ठेवा. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन-चार दुकाने फिरलात तर जुन्या संगणकांतून काढलेली, तपासलेली पट्टीही मिळेल. एसएसडी मात्र नवी आणि वॉरंटीसह घ्यावी.

कॅबिनेट उघडलेच आहे तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सपाट सेल, सीआर२०३२, बदलून टाका. मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आपला संगणक माझ्याकडे घेऊन आल्या. बँकेचे संकेतस्थळ उघडले की ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येई आणि दोन ठिकाणी त्यांना सांगितले गेले होते की व्हायरस आहे, सगळे पुसून विंडोज नव्याने घालावी लागेल. मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती १ जानेवारी २०१२ होती. सेल संपल्यामुळे वीज बंद होताच घड्याळ मागे जात होते, आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसल्यामुळे ब्राउझर ते नाकारत होता. सेल बदलला, तारीख लावली आणि बाई तिथेच बसून पासबुक पाहून गेल्या. त्याच वेळी ब्लोअरने धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावून घ्यावी. आपल्याकडच्या मे महिन्यात जुने संगणक मध्येच बंद पडतात त्यामागे पुष्कळदा वाळलेली पेस्टच असते.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांमधून मी मिंट सुचवतो, कारण विंडोज ७ वापरलेल्या माणसाला तिथे फारसे परके वाटत नाही. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, फायलींची फोल्डर ओळखीची. मिंटची २२ वी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २०२४ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. म्हणजे पुढची काही वर्षे हा प्रश्न पुन्हा आपल्यासमोर येणार नाही. मिंटचे तीन चेहरे आहेत. ८ जीबी रॅम केलीत तर सिनॅमन घ्या, ४ जीबीवरच राहणार असाल तर एक्सएफसीई घ्या. तिसरे, म्हणजे माते, या दोहोंच्या मधले आहे आणि आपल्याला त्याचा वेगळा विचार करायला नको.

चेन्नईच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस ही डेबियन या लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली आपण विचारात घेतल्याचे लिहिले आहे, आणि त्यामागची आपली भावना मला समजते. भारतीय भाषांची सोय तिच्यात चांगली आहे. तरीही घरच्या वापराला मी मिंटच देतो, कारण अडचण आली की मदत करू शकणारी माणसे आणि मजकूर मिंटसाठी कितीतरी अधिक सापडतात. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्येच होते त्यांच्यासाठी ठीक आहे, पण ती संपूर्ण डिस्क पुसूनच बसते, तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत, आणि तिची तपासलेल्या संगणकांची यादी कंपन्यांच्या तयार मॉडेलांची असते. आपल्यासारख्या जुळवलेल्या डेस्कटॉपला त्या यादीचा आधार मिळत नाही.

आता मराठी मजकुराकडे वळतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात हिंदी टायपिंगच्या सवयीमुळे मराठी मंडळींनीही वर्षानुवर्षे कृतिदेव या फॉन्टमध्ये मराठी लिहिले. कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत, नव्हे. त्याच्या फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. म्हणूनच फॉन्ट नसलेल्या संगणकावर आपला लेख अगम्य रोमन चिन्हांचा दिसतो. यातली चांगली बाजू अशी की कृतिदेवची फॉन्ट-फाइल मिंटमध्ये घातली की लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये आपल्या जुन्या फायली वाचता येतात आणि त्याच सवयीने टंकलेखनही करता येते. श्रीलिपीसारख्या मराठी टंकलेखनाच्या पॅकेजांचे तसे नाही. त्यांचा स्वतःचा कीबोर्ड-प्रोग्राम विंडोजवरच चालतो. आपल्या त्रैमासिकाची पाने पेजमेकरमध्ये लागतात, तोही विंडोजचाच. म्हणून जुनी हार्ड डिस्क पुसू नका, असे मी सुरुवातीलाच सांगितले.

पुढचे लेखन मात्र युनिकोडमध्ये करावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी आहे, आणि रोमन उच्चारांवरून लिहायचे असेल तर आयबस हा प्रोग्राम घालून तीही सोय होते. इन्स्क्रिप्ट शिकायला पंधरा दिवस लागतात, पण मराठीला जे हवे ते सगळे त्यात आहे. उदाहरणार्थ ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. शिफ्टसह जे दाबले की ऱ, मग डी ने हलन्त, आणि तिरप्या रेघेच्या कळीने य. ‘ऱ्य’ बिनचूक उमटतो. ‘ळ’ शिफ्टसह एन वर आहे. जुने लेख कृतिदेवमधून युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण ते बहुतेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असल्यामुळे बदललेल्या मजकुरात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ळ’ असलेले शब्द शोधून एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्रैमासिकाचे जुने अंक पुढच्या पिढीला वाचता यावेत असे वाटत असेल, तर हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

छपाईयंत्र आपण कॅनन एलबीपी २९०० असे लिहिले आहे. हे यंत्र घरोघरी आहे, दणकट आहे, पण ते कॅननच्या कॅप्ट या खास पद्धतीने चालते आणि लिनक्सवर सहज जुळत नाही. चालवता येते, तरी त्यासाठी जाणकार माणसाचा तासभर द्यावा लागतो. हाच प्रश्न एचपी लेझरजेट १०२० चा असता तर मी निर्धास्त राहिलो असतो. त्याला एचपीचे प्लगइन एकदा उतरवून घ्यावे लागते आणि मग ते चालते. म्हणून आपण आधी प्रिंटरचीच परीक्षा करा. जमले नाही, तर मजकुराची पीडीएफ करून ती जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधून किंवा बाहेर छापून घेणे, हा मार्ग उरतो. महिन्यातून दहा पाने छापणाऱ्या माणसाने तेवढ्यासाठी प्रणालीचा निर्णय फिरवू नये. रोज छापणाऱ्याने मात्र फिरवावा.

ही परीक्षा काहीही न पुसता करता येते. मिंटची फाइल त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवून रूफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घाला, संगणक सुरू होताना एफ ८, एफ ११ किंवा एफ १२ यांपैकी आपल्या मदरबोर्डची कळ दाबा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करा. ‘इन्स्टॉल’च्या चिन्हाला हात न लावता दोन-तीन दिवस तसेच वापरून पाहा. पेन ड्राइव्हवरून ते थोडे संथ चालेल. त्यावरून मत बनवू नका. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, बँकेचे पान उघडते का, पडद्यावरची अक्षरे आपल्या डोळ्यांना पुरेशी मोठी होतात का, हे पाहा. वाय-फायचा डोंगल चालला नाही तर घाबरू नका. फोन यूएसबी केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू केले की इंटरनेट मिळते, आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून डोंगलचा ड्रायव्हर मिळतो का ते पाहता येते.

मन ठरले की आधी बाहेरच्या डिस्कवर फोटो, कागदपत्रे, फॉन्टची फोल्डर आणि ब्राउझरमधल्या खुणा व पासवर्ड यांची प्रत घ्या. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय ती घेतली असे समजू नका. मग विंडोज शिफ्ट दाबून पूर्ण बंद करा. नुसती बंद केली तर ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ती अर्धवट झोपलेली राहते आणि पुढे मिंटमधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. वीज काढून जुन्या डिस्कची केबल सोडवा, तिच्या जागी एसएसडी लावा आणि मिंट तिच्यावर घाला. संगणकात दुसरी डिस्कच नसल्यामुळे चुकून काही पुसले जाण्याचा धोका राहत नाही. एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवण्याचा सल्ला मी घरगुती वापरकर्त्याला सहसा देत नाही, कारण त्यात बिघडले की दोन्ही एकदम बिघडतात. पेजमेकर हवा असेल त्या दिवशी जुनी डिस्क लावा, इंटरनेटची केबल आणि डोंगल काढून ठेवा, काम करा आणि डिस्क पुन्हा कपाटात ठेवा.

मिंट बसल्यावर पहिल्याच दिवशी अपडेट मॅनेजरमधले सारे अपडेट घ्या आणि टाइमशिफ्ट सुरू करा. पुढे एखाद्या अपडेटने बिनसले तर प्रणाली आदल्या स्थितीत नेता येते. हे प्रणालीपुरते आहे, आपल्या फोटोंची प्रत वेगळीच ठेवावी लागते.

ग्वाल्हेरच्या संगणकाबद्दल आधी एक खात्री करून घ्या. त्यावर बहुधा ३२ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची, विंडोज असेल आणि त्यावरून बंधूंनी प्रोसेसरही ३२ बिटचा समजला असेल. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे. विंडोज १० असेल तर ‘सिस्टिम’च्या पानावर ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४ प्रोसेसर’ असे लिहिलेले सापडेल. हा फरक आता कळीचा झाला आहे. मिंटने ३२ बिटची मुख्य मालिका १९.३ नंतर थांबवली, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि लिनक्सवरचा ३२ बिटचा फायरफॉक्सही १४४ व्या आवृत्तीनंतर बंद झाला. म्हणून बंधूंनी ६४ बिटचेच लिनक्स घ्यावे. विंडोज ११ चा तिथे विचारही नको, कारण त्याच्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) कोअर २ ड्युओच्या प्रोसेसरात नाहीत आणि ती सुरूच होत नाही. रॅम ४ जीबी करता आली तर मिंट एक्सएफसीई चालेल. मदरबोर्ड डीडीआर२ चा निघाला तर मात्र पट्टी शोधण्यात पैसे घालवू नयेत. २ जीबीवर अँटिएक्स हे हलके लिनक्स घालून तो संगणक वाचन, भजने आणि टंकलेखन यांसाठी ठेवावा, आणि बँकेचे काम फोनवर करावे.

आपल्या पत्रात त्रैमासिकाचा दिवाळी अंक सध्या जुळणीत असल्याचा उल्लेख आहे. तो छपाईला जाईपर्यंत कॅबिनेट उघडू नका. पेन ड्राइव्हवरची परीक्षा तेवढी आजपासून सुरू करायला हरकत नाही.